मोटर मागवायच्या आधी: लेझर कटरचा अडलेला दांडा कसा सोडवावा

गणपतीला नऊ दिवस उरले होते, बाहेर बेळगावच्या वडगावात पावसाची झड लागलेली, आणि माझा लेझर मखरावरच्या ‘श्री मंगलमूर्ती’तल्या ‘मू’वर अडला. आवाज आला घर्रर्र. आडवा दांडा जागच्या जागी थरथरायला लागला, पुढंही जाईना, मागंही येईना. आतल्या खोलीत मागावर बसलेले आप्पा तिथूनच ओरडले, “काय करूलीस गे? धोटा अडकल्यासारखं काय वाजतंय?”

माझ्या हाताखालचा पोरगा गोकाककडचा. त्यानं एका वाक्यात निकाल दिला, “मोटार सुट्ट होत्री अक्का.” मोटर जळली म्हणे. मलाही तसंच वाटलं. त्याच रात्री मोबाईलवरून नवी मोटर मागवली. ती दहाव्या दिवशी आली, म्हणजे गणपती बसल्यावर. आणि जुनी मोटर अजून त्याच मशीनवर चालते आहे.

तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा जणांच्या अशा मशीन मी उघडल्या. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांच्या, पाट्या करून देणारे आहेत, रुखवताची नावं कापणाऱ्या मुली आहेत, एक शाळेचे सर आहेत. सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच: मोटर गेली. एकाचीही गेलेली नव्हती. या मशीनमधल्या स्टेपर, म्हणजे पावलापावलानं फिरणाऱ्या, मोटरीत कार्बन ब्रश नसतो, घासून झिजण्यासारखं आत दोन बेअरिंगांपलीकडे काही नसतं. ती बिघडायचीच झाली तर सगळ्यात शेवटी बिघडते. म्हणून तपास तिच्यापासून सुरू न करता तिच्यापाशी संपवायचा. मी कोणत्या क्रमानं जाते ते सांगते.

माझी मशीन उघड्या चौकटीची, निळ्या डायोडची, ४०० बाय ४०० मिलिमीटरची. चोवीस व्होल्टचा अडॅप्टर, आणि मोटरींना हुकूम सोडणारा, जीआरबीएल नावाच्या प्रणालीवर चालणारा बोर्ड. हेड डावीकडून उजवीकडे जातं तो एक्स. हेडसकट अख्खा आडवा दांडा पुढंमागं जातो तो वाय, आणि त्याला दोन बाजूंना दोन मोटरी. तुमची काचेच्या नळीची सीओटू मशीन असेल तर खालचं बहुतेक सगळं लागू आहे, पण नळीच्या वायरींना हात लावू नका. तिथं हजारो व्होल्टचा मामला असतो आणि प्लग काढल्यावरही तो थोडा वेळ आत बसून राहतो.

दांडा अडला की पहिलं काम मशीन बंद करणं. बघत बसू नका, व्हिडिओ काढू नका. बोर्डाला डोळे नाहीत. तो पावलं मोजून हुकूम सोडतो, दांडा खरंच हलला का हे त्याला कळत नाही. त्यामुळे दांडा अडला तरी किरण चालूच राहतो आणि एकाच जागी एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, जाळत राहतो. माझ्या त्या मखराच्या तुकड्याला ‘मू’पाशी चवलीएवढं भोक पडलं होतं, खालची जाळी काळी झाली होती. आणखी अर्धा मिनिट गेला असता तर आग लागली असती. लाल बटण दाबा, मग अडॅप्टरची पिन काढा, यूएसबीची वायरही काढा, कारण बोर्ड तिच्यावरही अर्धवट जागा राहतो. लेझर हेडचा प्लग सोडून बाजूला ठेवा. पुढची सगळी तपासणी होईस्तोवर तो परत लावायचा नाही.

आता मशीनला हात लावायच्या आधी बिघडलेला तुकडा उचलून उजेडात बघा. मराठी अक्षरं कापणाऱ्याला इथं एक फुकटची सोय आहे. शिरोरेषा म्हणजे निव्वळ एक्सची हालचाल आणि काना म्हणजे निव्वळ वायची. शिरोरेषा सरळ आणि पूर्ण आली, पण काने आखूड किंवा गायब झाले, तर वाय अडलाय. काने ठीक, पण शिरोरेषा मध्येच तुटून अक्षरं एकमेकांवर चढली, तर एक्स. आपल्याकडे कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळे माझ्या निम्म्या पाट्या वर कन्नड, खाली मराठी अशा असतात. कन्नड अक्षरं गोल, वळणावळणाची, तिथं दोन्ही अक्ष एकदम चालतात. त्यातून कोणता अक्ष दोषी ते कळत नाही, पण एखादा अक्ष मधूनच पाऊल चुकवत असेल तर ते कन्नडमध्येच आधी दिसतं: गोल मिटत नाही, टोकं एकमेकांच्या शेजारून निघून जातात.

मग हातानं ढकलायचं. वीज बंद, अडॅप्टर आणि यूएसबी निघालेले, दोन्ही हात दांड्याच्या दोन टोकांना, आणि सावकाश. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, पाळणा हलवतात तसं. जोरात ढकललं की मोटर उलटी फिरून वीज तयार करते आणि ती बोर्डात शिरते. प्लग काढलेल्या बोर्डावरचा दिवा दांडा हलवल्यावर लुकलुकताना पाहिला असेल तर तो हाच प्रकार.

हाताला काय लागतं यावर पुढचं सगळं ठरतं. बारीक, एकसारखे कट-कट असे खाच जाणवले तर ते मोटरीतल्या चुंबकाचे, ते असायचेच. एकाच ठराविक जागी येऊन दांडा थांबत असेल तर तिथं काहीतरी अडकलंय. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जड असेल तर चाकं नाहीतर पट्टा आवळलेला आहे, किंवा दांडा तिरका झालाय. आणि लोण्यासारखा सरकत असेल तर यांत्रिक भाग सोडा, सरळ वायरींकडे जा.

माझा दांडा त्या दिवशी डाव्या बाजूला ठराविक जागी दगडासारखा थांबत होता. हे मी पहिल्याच मिनिटाला केलं असतं तर मोटरीचे पैसे वाचले असते. मी केलं पाच दिवसांनी, तेही आप्पांनी टोकलं म्हणून. माग अडला की ते आधी पट्टा उतरवून चाक हातानं फिरवतात. माझ्या मशीनजवळ येऊन म्हणाले, “ह्याचा पट्टा उतरव की.” उतरवला. डाव्या मोटरीच्या पुलीत, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकात, पट्टा आणि दात यांच्या मध्ये, एमडीएफची एक गोल चकती पाचरीसारखी बसली होती. चार मिलिमीटर रुंद, कडा जळून काळ्या. तिला नखानं काढून तळहातावर घेतलं आणि हसू आवरेना. ‘मंगल’मधल्या ‘मं’चा अनुस्वार होता तो. कापून सुटला, हवेच्या नळीच्या झोतानं उडाला, आणि पट्ट्यावर बसून पुलीत गेला. पुढची दोन अक्षरं कापून होतात न होतात तोच मोटर अडली. मोटर बिचारी पूर्ण जोर लावत होती, म्हणून तर ती घर्रर्र.

तेव्हा एका जागी अडत असेल तर पट्टा उतरवा. तो उतरवून दांडा ढकललात आणि मोकळा झाला, तर दोष पट्टा, पुली किंवा मोटरीत. तरीही अडला, तर चाकांत किंवा रुळात. पुलीचे दात जुन्या टूथब्रशनं साफ करा, पट्टा पूर्ण लांबीभर अंगठ्याखालून फिरवा. तुटका दात, चिकटलेला चीक, धुराचं डांबर हाताला लगेच लागतं. अनुस्वार, नुक्ता, ‘ळ’च्या पोटातले दोन तुकडे, असले सुटे कण उडू नयेत म्हणून मी आता कागदी टेप लावून मगच कापते.

चाकांचं वेगळं. ही प्लास्टिकची चाकं अॅल्युमिनियमच्या खाचेतून पळतात आणि एमडीएफचा धूर त्या खाचेत चिकट थर धरतो. पावसाळ्यात तो थर आणखी ओला, गुळासारखा होतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाच आणि चाकं पुसायची. तेल लावायचं नाही. अजिबात नाही. रुखवतवाल्या एका मैत्रिणीनं खोबरेल लावलं होतं. दिवाळीपर्यंत मशीन सुरेख पळाली, डिसेंबरात दर सकाळी अडायची आणि दुपारी आपोआप सुटायची. तिला वाटलं बोर्डात दोष. आपल्याकडे थंडीत सकाळी पारा पंधराच्या आसपास असतो आणि खोबरेल चोवीसच्या खाली गोठतं, एवढंच होतं ते. त्यात भुसा मिसळून खाचेत अक्षरशः वडी थापली होती. तुमच्या मशीनला लोखंडी रूळ आणि गोळ्यांच्या बेअरिंगची गाडी असेल तर मात्र तिला हलकं मशीन ऑइल लागतं, पुसून घेतल्यावर दोन थेंब.

प्रत्येक बाजूच्या एका चाकाचा नट तिरका, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या भोकाचा असतो. तो फिरवला की चाक रुळाला जवळ किंवा लांब जातं. दांडा धरून ठेवायचा आणि एका बोटानं चाक फिरवायचं. थोडा जोर लावल्यावर चाक घसरून फिरायला हवं. फिरतच नसेल तर फार आवळलंय. भिरभिर फिरत असेल तर ढिलं. पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. चाकं आवळली म्हणजे मशीन पक्की झाली असं मानून सरांनी आठही चाकं करकचून आवळली होती आणि मग मोटर ताकद देत नाही म्हणून तक्रार.

पट्टाही तसाच. वीणेच्या तारेसारखा ताणायचा नाही, मोटरीच्या बेअरिंगवर विनाकारण भार येतो. ढिला असेल तर घर्रर्रच्या ऐवजी टक-टक-टक आवाज येतो, दात उड्या मारतात तो. वायला दोन पट्टे असतील तर दोन्हींचा ताण सारखा हवा, नाहीतर दांडा तिरका होऊन रुळात पाचर बसते. दांडा पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी टेकवून बघा. एक बाजू टेकली आणि दुसरीत बोट जातंय, तर एका बाजूचा पट्टा सोडून दांडा काटकोनात आणा आणि पुन्हा लावा.

गंज दिसला तर विचारा स्वतःला, सनबोर्ड किंवा रेक्झिन कापलं होतं का. दोन्हींत पीव्हीसी असतं आणि त्याच्या धुरातून क्लोरीनचं आम्ल सुटतं. बेअरिंग आणि स्क्रू आठवड्यात तांबडे होतात, आणि तोच धूर तुमच्या छातीत गेलेला असतो. गिऱ्हाईक कितीही म्हणो, मी ते घेत नाही.

एक जागा लोक हमखास विसरतात: मोटर फिरते, पुली नाही. पुलीला मोटरीच्या दांड्यावर धरून ठेवणारे दोन बारीक बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात. दीड मिलिमीटरची एलन की लागते. मोटरीच्या या दांड्याला एका अंगानं सपाट कातलेलं असतं, त्यातला एक स्क्रू बरोबर त्या सपाटीवर यायला हवा. तसं नसेल तर कितीही आवळा, महिन्यात सुटतो. आवळून झालं की मार्करनं पुली आणि दांडा दोन्हींवरून एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की दोन सेकंदांत निदान.

इथवर सगळं ठीक, दांडा हातानं मोकळा, तरी वीज दिल्यावर अडतो किंवा हलत नाही. मग वायरी. पण आधी माझी एक चूक ऐका. मशीन चालू असताना मी मोटरीचा प्लग ओढून काढला, नीट बसलाय का बघायला. ‘टिक’ असा एवढासा आवाज झाला आणि एक्सचा ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरची मोटर चालवणारी चिप, गेला. मोटरीच्या वेटोळ्यातला चालू प्रवाह असा तोडला की व्होल्टेजचा झटका उलटा ड्रायव्हरवर येतो. तेव्हापासून प्लगला हात लावायच्या आधी अडॅप्टरची पिन काढून समोर टेबलावर ठेवते, डोळ्यांना दिसेल अशी.

स्टेपरला चार वायरी, आत दोन वेटोळी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून जोड्या शोधा. ज्या दोन वायरींमध्ये काही ओहम दिसतात ती एक जोडी, उरलेली दुसरी. दोन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा हवा. एका जोडीत काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे, आणि मोटर तेव्हा फिरायचं सोडून जागच्या जागी पुढंमागं थरथरते. मीटर लावलेला ठेवूनच वायर ठिकठिकाणी वाकवून बघा. एक्सची वायर दिवसभर दांड्याबरोबर वळते, ती प्लास्टिकच्या आत तुटते, वरून अखंड दिसते. उद्यमबागेतल्या ओळखीच्या एका पॅटर्नवाल्यांची मशीन फक्त उजव्या कोपऱ्यात अडायची. वायर तिथंच ताणली जाऊन आतून सुटत होती.

मीटर नसेल तर? प्लग काढलेल्या मोटरीचा दांडा बोटांनी फिरवा, मग दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवा. ज्या दोन टेकवल्यावर दांडा एकदम जड होतो ती जोडी, आणि ते वेटोळं शाबूत. याच न्यायानं आणखी एक कळतं: मोटर सुटी असताना हलकी आणि नुसती बोर्डाला लावल्यावर, वीज नसतानाही, जड होत असेल तर ड्रायव्हर आत शॉर्ट झालाय.

वायर ठीक तर अदलाबदल. पट्टे उतरवून ठेवा, वीज बंद करा, एक्सचा प्लग वायच्या जागी आणि वायचा एक्सच्या जागी लावा, मग पाच-पाच मिलिमीटर हळू हलवून बघा. दोष मोटरीबरोबर दुसरीकडे गेला तर मोटर किंवा तिची वायर. दोष बोर्डावरच्या त्याच जागी राहिला तर ड्रायव्हर. बोर्ड बदलायला निघण्याआधी त्याचा पंखा बघा. दहा-पंधरा मिनिटं चालून अडते, थंड झाली की पुन्हा चालते, असं असेल तर ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतोय, आणि पंख्यात भुशाचा बोळा असतो.

अडॅप्टरही पाहा. माझ्या भाच्यानं वायफायचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला होता, पिन तंतोतंत बसते. दिवे लागतात, बोर्ड बोलतो, दांडा मात्र जरा वेग दिला की लटपटतो. चोवीसच्या अडॅप्टरला मी आता लाल चिंधी बांधलीय.

राहिली सेटिंग. आवाज नाही, थरथर नाही, दांडा नुसता ढिम्म, तर बोर्ड बहुतेक अलार्ममध्ये कुलूप लावून बसलाय. दांडा टोकाला आला की दाबल्या जाणाऱ्या लिमिट स्विचखाली कचरा नाही ना बघा, मग डॉलरचं चिन्ह आणि एक्स टाइप केलं की कुलूप निघतं. उलट, वीज असूनही दांडा हातानं सहज सरकतो म्हणून घाबरू नका. काम थांबल्यावर मोटरी सोडून द्यायच्या हीच जीआरबीएलची मूळ पद्धत आहे. धरून ठेवतात का बघायचं असेल तर डॉलर एकची किंमत २५५ करा, बघून झालं की परत करा.

घाई म्हणून कुणी वेग किंवा प्रवेग वाढवलेला असेल तर मोटर सुरुवातीलाच दम सोडते आणि घर्रर्र करते, अगदी अडकल्यासारखं. डॉलर १२० आणि १२१ हे एक्स आणि वायचे प्रवेग. निम्मे करून बघा. सुटलं तर कारण कळलं. मिलिमीटरमागची पावलं डॉलर १०० आणि १०१ मध्ये असतात. हिशोब सोपा: मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ तुकडे करतो, वीस दाती पुली दोन मिलिमीटरच्या पट्ट्याला एका फेऱ्यात ४० मिलिमीटर ओढते. २०० गुणिले १६ भागिले ४०, म्हणजे ८०. तुमची पुली आणि बोर्ड वेगळे असतील तर आकडा वेगळा. काहीही बदलायच्या आधी जुने सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. माझे मशीनमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले आहेत, दरवर्षी रंगकाम त्या चौकोनाला वळसा घालून होतं. टाइप करताना आकडे अर्थात इंग्रजी.

सगळं लावून झालं की लगेच लेझर जोडू नका. हेडला रबरानं बॉलपेन बांधा, कागद चिकटवा आणि १०० मिलिमीटरचा चौकोन एकावर एक दहा वेळा काढायला लावा. दहावी रेघ पहिलीवरच बसली पाहिजे. मग ‘काका’ लिहून घ्या, शिरोरेषा आणि काने दोन्ही तपासले जातात. ते जमलं की हेडचा प्लग, डोळ्यांवर लेझरचा चष्मा आणि मग काम.

ते मखर शेवटी वेळेत गेलं, ‘मं’चा अनुस्वार मात्र मी वेगळा कापून चिकटवला. नवी मोटर अजून डब्यात आहे, मागाच्या खोलीत फळीवर. कुणाची खरंच जळलेली निघाली तर वडगावला येऊन घेऊन जा. येताना जुनी आणा, मला ती एकदा उघडून बघायची आहे.